इंटरप्ट हँडलर, स्पिनलॉक आणि स्लीप

प्रश्न : मी नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाला आहे. काटोलकडच्या संत्राबागेसाठी जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर आम्ही लिनक्सच्या छोट्या बोर्डाला आयटूसीवरून (दोन तारांच्या जोडणीवरून) जोडला असून त्याचा ड्रायव्हर स्वतः लिहिला आहे. ओलावा ठरावीक पातळीखाली गेला की सेन्सर इंटरप्ट (प्रोसेसरला हातचे काम अडवून लक्ष वेधणारा इशारा) देतो. तो आल्यावर चालणारा हँडलर लगेच आकडा वाचतो आणि स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत प्रोसेसर जागीच फिरत वाट पाहतो असा लॉक) घेऊन बफरमध्ये ठेवतो. रीड फंक्शन तोच स्पिनलॉक धरून कॉपी_टू_यूजर करते, म्हणजे आकडा वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत उतरवते. लॉगमध्ये ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ असा संदेश येऊन बोर्ड अडकतो. सगळीकडे म्यूटेक्स (दुसऱ्या प्रकारचा लॉक) लाव, असे एक मित्र सांगतो. ते बरोबर आहे का?

उत्तर : मित्राचा सल्ला आज लागू होणार नाही, पण एक बदल केल्यावर लागू होईल. आयटूसीवरचे वाचन सहसा उत्तर येईपर्यंत स्लीप होते, म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या टास्कला देऊन थांबते. इंटरप्ट हँडलर मात्र चालू असलेल्या टास्कला मध्येच अडवून चालतो. त्याला स्वतःचे टास्क नसल्यामुळे शेड्यूलर त्याला बाजूला ठेवून पुन्हा उठवू शकत नाही. म्यूटेक्सही मोकळा नसेल तर स्लीपच होतो, त्यामुळे हँडलरमध्ये तोही चालत नाही.

वाचनाचे काम थ्रेडेड इंटरप्टमध्ये, म्हणजे स्लीप होऊ शकणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये, न्या. ही सोय लिनक्समध्ये २००९ पासून आहे. रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू वापरताना पहिल्या हँडलरच्या जागी नल द्या आणि आयआरक्यूएफ_वनशॉट हा फ्लॅग लावा, म्हणजे थ्रेडचे काम संपेपर्यंत ती इंटरप्ट लाइन बंद राहील. आता बफरला हात लावणारे थ्रेड आणि रीड फंक्शन हे दोघेही स्लीप होऊ शकतात, म्हणून म्यूटेक्स पुरतो आणि स्पिनलॉकची गरजच उरत नाही. माझ्या मते आयटूसीच्या संथ सेन्सरसाठी हीच रचना सर्वांत स्वच्छ आहे.

स्पिनलॉक धरलेला असतानाही स्लीप होता येत नाही, म्हणून त्याखाली केलेली कॉपी_टू_यूजर ही दुसरी चूक आहे आणि ती जास्त फसवी आहे. वापरकर्त्याचे पान मेमरीत असले की कॉपी बिनबोभाट होते. नसले की पेज फॉल्ट होऊन (ते पान मेमरीत आणावे लागून) स्लीप व्हावे लागते, आणि म्हणूनच ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही. एखाद्या ड्रायव्हरमध्ये स्पिनलॉक टाळताच येत नसेल, तर लॉकखाली आकडा फक्त स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावा, लॉक सोडावा आणि मगच कॉपी करावी.

म्यूटेक्स लावल्यावरही एक सापळा राहतो. बफर रिकामा असताना रीड फंक्शन म्यूटेक्स धरूनच वेट_इव्हेंट_इंटरप्टिबलमध्ये थांबले, तर थ्रेडला तो म्यूटेक्स मिळत नाही, बफर भरत नाही आणि वाचणाऱ्याला कोणी जागे करत नाही. म्हणून म्यूटेक्स सोडून थांबावे आणि जागे झाल्यावर तो पुन्हा घेऊन बफर खरोखर भरला आहे का ते तपासावे, कारण मधल्या वेळेत दुसऱ्या प्रोसेसने आकडा नेलेला असू शकतो.

चाचणीच्या कर्नलमध्ये कॉन्फिग_डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप आणि कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग चालू ठेवा. पहिल्यामुळे प्रत्यक्ष स्लीप झाली नाही तरी, जिथे ती होऊ शकते आणि चालत नाही, अशा जागेचा इशारा मिळतो. दुसरा लॉक घेण्याच्या क्रमातले दोष दाखवतो. ड्रायव्हर काढताना इंटरप्ट सोडून देणारे फ्री_आयआरक्यू म्यूटेक्स धरून बोलावू नका; ते थ्रेड संपण्याची वाट पाहते आणि थ्रेड त्याच म्यूटेक्ससाठी खोळंबलेला असू शकतो.