पाऊस नाही, समुद्र शांत, मग स्कूबा बंद का?

प्रश्न: दादा, गेल्या वर्षी मे संपता संपता आम्ही तारकर्लीला आलो तर स्कूबा बंद! पाऊस नव्हता, समुद्रही शांत दिसत होता. पोरांचा फार हिरमोड झाला. अजून दोन-चार दिवस चालू ठेवलं तर काय बिघडतं? आणि सीझन संपला की तुम्हाला कसं वाटतं? — एक आई, पुणे

उत्तर: ताई, पोरांचं ऐकून वाईट वाटलं. पण बंद करायचं कारण पावसाच्या आधीच येऊन पोचलेलं असतं. लांब अरबी समुद्रात वारा सुटतो, त्याच्या लाटा इथे आधी येतात, वरून बघाल तर पाणी नुसतं संथ वर-खाली होतंय असं वाटतं पण सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांपाशी चार-पाच मीटर खाली गेलात की तेच पाणी तुम्हाला पुढे ढकलतं आणि परत मागे ओढतं, आणि त्या खडकांवर कालवं, म्हणजे धारदार शिंपले, असतात, हात लागला की कापलाच. त्यात वाळू उठते, पाणी गढूळ होतं.

आमचं खाली सगळं बोलणं हातानं. अंगठा-तर्जनीचं गोल म्हणजे ठीक आहे, अंगठा वर म्हणजे वर चला. नवीन माणूस हमखास अंगठा दाखवतो, त्याला 'मस्त' म्हणायचं असतं. पाणी स्वच्छ असलं की मास्कमधून डोळे दिसतात, घाबरलाय की खूश आहे ते लगेच कळतं. गढूळ पाण्यात डोळेच दिसत नाहीत, मग मी कशाच्या भरवशावर तुमच्या पोराला खाली नेऊ? मे अखेरीपासून 31 ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद ठेवायचा सरकारी आदेश असतो तो उगाच नाही. कोणी जास्त पैसे घेऊन नेतो म्हणाला तरी जाऊ नका.

वाटायचं म्हणाल तर कमाई थांबते ही काळजी आहेच, बोटीवरच्या पोरांची घरं यावर चालतात. पण सामान धुताना, म्हणजे रेग्युलेटर, ज्यातून तोंडानं श्वास घेतो ते, गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचे, बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटच्या, आत शिरलेलं खारं पाणी काढायचं, सिलेंडरमध्ये थोडी हवा राखून ठेवायची म्हणजे आत दमट हवा शिरत नाही, हे करताना मला खालच्या प्रवाळांचं बरं वाटतं. तीन महिने नांगर नाही, कोणाच्या पायातले फिन्स नाहीत, फोटोसाठी माशांना पाव टाकणं नाही. ते पाव टाकणं तर कायमचंच थांबायला हवं, मालवणचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

प्रश्न: मला पोहता येत नाही. पुढच्या सीझनला कोर्स करायचाय, पावसाळ्यात काय तयारी करू? — कॉलेज विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर: एकदाच उतरून बघायचं तर पोहणं लागत नाही, पण ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या, कोर्सला 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं लागतं, तेव्हा आत्ताच पोहण्याच्या तलावावर शिकायला नाव नोंदव. वेळेचं बंधन नाही, दमानं पोहलास तरी चालतं. ये नोव्हेंबरनंतर, पाणी निवळलेलं असतं. फक्त सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नको, 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि नाक चोंदलेलं असलं की कान मोकळे होत नाहीत.