पी०२०३ आला म्हणजे इंजेक्टर गेला असं नाही, आधी पाच वॉटचा बल्ब घे

काका म्हणून हाक मारलीस तर काकासारखंच सांगतो, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) विकत घेऊ नकोस, निदान या आठवड्यात तरी नको. तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं, त्यातून मला कळलं ते असं: २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, पाऊस सुरू झाला तशी मिसिंग मारायला लागली (एखादा सिलेंडर मधेच पेटत नाही), घाटकोपरला हायवेवर चढलास की चेक इंजिनची लाईट, स्कॅनरवर पी०२०३ हा फॉल्ट कोड. गॅरेजवाल्याने आधी चारही प्लग बदलले, मग तिसऱ्या सिलेंडरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी देणारी), मग त्याचाच इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), कोड परत आलाच, आणि आता म्हणतोय की ईसीएमच गेलाय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, तू लिहिलंयस की गेल्या दिवाळीत बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. अरे बाबा, हे वाक्य सगळ्यात वर लिहायचं होतंस. त्यावर येतोच.

पी०२०३ म्हणजे तिसऱ्या सिलेंडरच्या इंजेक्टरचं सर्किट. सर्किट म्हटलंय, इंजेक्टर म्हटलेलं नाही. त्यात इंजेक्टरची आतली कॉइल आली, त्याचा कपलर (वायरी जोडायचं सॉकेट) आला, कपलरच्या पिना, दोन वायरी, मधले जॉइंट आणि शेवटी ईसीएमच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालू-बंद करणारा स्विच. प्लग आणि इग्निशन कॉइलचा याच्याशी काही संबंध नाही, मिसिंगचा कोड वेगळा असतो, पी०३०३, आणि तुझ्याकडे बहुतेक तोही आला असणार, तो बघूनच प्लग बदलले असतील. पण दोन्ही एकत्र आले की आधी सर्किटचा कोड धरायचा, कारण इंजेक्टर उघडलाच नाही तर मिसिंग होणारच. आणि इंजेक्टर नवा टाकूनही कोड आला म्हणजे तो जुना बिचारा निर्दोष सुटला, तो टाकला नसशील तर जपून ठेव.

आता सर्किट चालतं कसं ते एकदा नीट समजून घे, मग पुढचं सगळं सोपं आहे. इंजेक्टरला दोनच वायरी. एका वायरीला चावी ऑन केली की रिले आणि फ्यूजमधून थेट बॅटरीचा प्लस येतो, चारही इंजेक्टरांना तोच, हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) कुठेतरी एक जॉइंट असतो तिथून तो चार ठिकाणी फुटतो. दुसरी वायर ईसीएमला जाते आणि ईसीएम ती काही क्षणांसाठी अर्थ करतो, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) साधारण २ ते ४ मिलिसेकंद, तेवढाच वेळ इंजेक्टर उघडतो. म्हणजे ईसीएम प्लस देत नाही, मायनस देतो, हे डोक्यात पक्कं बसव, भले भले वायरमन इथेच गंडतात. आणि ईसीएमला फॉल्ट कळतो कसा, तर तो स्वतःच्या पिनवर लक्ष ठेवून असतो. त्याने सोडलेलं असताना इंजेक्टरच्या कॉइलमधून फिरून आलेले १२ व्होल्ट पिनवर दिसले पाहिजेत, अर्थ केल्यावर ते जवळपास शून्य झाले पाहिजेत. दिसले नाहीत की कोड. वायर कुठे तुटली ते त्याला कळत नाही, फक्त आपल्या दारात पाणी आलं नाही एवढंच कळतं.

चारही कोड एकदम आले असते, पी०२०१ पासून पी०२०४ पर्यंत, तर मी म्हटलं असतं फ्यूज आणि रिले बघ. तुझा एकटा तिसराच येतोय म्हणजे समाईक भाग ठीक आहे, भानगड फाटा फुटल्यानंतरची आहे.

आता सीएनजी. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट असेल (चार सिलेंडरला चार गॅस इंजेक्टर असतील तर तेच आहे), तर फिटरने तुझ्या पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून त्यांच्यामध्ये गॅसचा छोटा ईसीयू (किटचा स्वतःचा कॉम्प्युटर) घातलेला असतो. गॅसवर गाडी गेली की तो पेट्रोल इंजेक्टर बंद करतो आणि तुझ्या मूळ ईसीएमला खोटा लोड दाखवतो, म्हणजे त्याला वाटावं इंजेक्टर आहे आपल्या जागी. याला एम्युलेटर म्हणतात. चांगल्या किटमध्ये हे तयार कपलरवर होतं, वायर कापावी लागत नाही, पण आपल्याकडे संध्याकाळी सहाला गाडी द्यायची असते त्यामुळे कापा, पिळा, काळी टेप मारा. चार इंजेक्टर म्हणजे कमीत कमी आठ जॉइंट. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो, जूनमध्ये त्यात ओल शिरते आणि मग तू इथे येऊन प्रश्न विचारतोस.

म्हणून पैसे न खर्च करता पहिली टेस्ट ही: कोड खोडून टाक, दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालव, मग परत कोड खोडून दोन दिवस गॅसवर. फक्त गॅसवर असतानाच येत असेल तर एम्युलेटर किंवा त्याचं वायरिंग. फक्त पेट्रोलवर येत असेल तर जॉइंट, इंजेक्टर किंवा गॅस ईसीयू जिथून पेट्रोलची लाईन परत जोडतो तो भाग. दोन्हीवर येत असेल तर मूळ ईसीएम ते गॅस ईसीयू या टप्प्यात बघ. यात एक फसवणूक आहे, काही ईसीएम फॉल्ट दिसला की त्या सिलेंडरचा पल्सच (इंजेक्टर उघडायचा इशारा) बंद करतात, आणि गॅस ईसीयू तर पेट्रोलचा पल्स वाचूनच गॅस सोडतो, त्यामुळे गॅसवरही मिसिंग होतं. मग मालक म्हणतो, गॅसवरही मारते म्हणजे पेट्रोल इंजेक्टरचा काय संबंध. संबंध आहे. त्यामुळे मिसिंगवर जाऊ नकोस, कोड पहिल्यांदा कुठल्या मोडमध्ये येतो त्यावर जा, आणि गाडी सुरू पेट्रोलवर होते, मग गॅसवर जाते, तेव्हा पहिली दोन मिनिटं धरू नकोस.

आता बोनेट उघड. थंड इंजिन, चावी बंद, तिसऱ्याचा कपलर काढ (पहिला सिलेंडर बहुतेक गाड्यांत टायमिंग चेनच्या बाजूने मोजतात, पण स्वतःच्या गाडीचं मॅन्युअल बघ, चुकीच्या सिलेंडरवर दोन तास घालवणारे मी पाहिलेत). मिटर ओहमवर लावून इंजेक्टरच्या दोन पिनांवर मोज. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (सिलेंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीला १२ ते १६ ओहम येतो. आकड्यापेक्षा चौघांची तुलना महत्त्वाची, तीन जण १३ आणि एक ९ किंवा एक अनंत, तर तो गेला. मग गाडी अर्धा तास फिरवून गरम असताना परत मोज, तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के, म्हणजे थंड असताना १३ असलेला गरम झाल्यावर १५-१६ दिसला तर घाबरू नकोस, पण गरम झाल्यावर एकदम ओपन (अनंत) दाखवला तर आत तार तुटलेली आहे, थंड झाली की चिकटते.

ओहम ठीक आला की लोक थांबतात, आणि इथेच मी तुला जो बल्ब म्हटलं तो येतो. चावी ऑन करून कपलरच्या प्लस पिनवर मिटर लावलास तर १२.३ व्होल्ट दिसेल आणि तू म्हणशील सप्लाय आहे. मिटरचा आतला रोध १० मेगाओहमच्या आसपास असतो, त्याला करंट लागतच नाही, वायरीतली एकच केसाएवढी तार शिल्लक असली तरी तो १२ दाखवणार. इंजेक्टरला मात्र जवळपास १ अँपिअर लागतो. समज गंजलेल्या जॉइंटमध्ये १० ओहम बसलाय, इंजेक्टर १३ चा, तर १२ भागिले २३, जेमतेम अर्धा अँपिअर. इंजेक्टर उघडेल का, कधी उघडेल कधी नाही. म्हणून मिटर ठेव बाजूला, ५ वॉटचा पार्किंगचा बल्ब घे, होल्डरला दोन वायरी लाव, एक बॅटरीच्या मायनसवर, एक कपलरच्या प्लस पिनवर. बाकीच्या तीन कपलरवर बल्ब जसा पेटतो तसाच लखलखीत तिसऱ्यावर पेटला पाहिजे. काजव्यासारखा लुकलुकला तर चोर सापडला. काही गाड्यांत चावी ऑन केल्यावर दोन सेकंदांनी सप्लाय बंद होतो, त्यामुळे घरातल्या कुणाला तरी बसवून सेल्फ मारायला सांग.

कपलरमध्ये टेस्टरची जाड पिन खुपसू नकोस, फिमेल पिन पसरते आणि मग नवा फॉल्ट तयार. मागच्या बाजूने, वायरीच्या रबरी सीलच्या शेजारून बारीक पिन सरकव. आणि वायरीचं कव्हर टोचू नकोस, हे मी अनुभवाने सांगतोय.

भांडुपला माझं वायरिंगचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. कन्नमवार नगरची एक गाडी आली, दुसऱ्या नंबरचा कोड, पी०२०२. दुसऱ्या गॅरेजला दोन इंजेक्टर बदलून झालेले. ओहम १३.१, व्होल्टेज १२.३, सगळं छान, आणि बल्ब लावला तर तार नुसती लालसर. वायर हाताने चाचपत गेलो, एअर फिल्टरच्या डब्याखाली बोटाला एक गाठ लागली, मऊ. टेप उघडली तर आतमध्ये हिरवी पावडर, बोटांना लागणारी, आणि तिच्यात दोन तारा शिल्लक, बाकी सगळं खाऊन टाकलेलं. आणि ती टेप पांढरी होती. अख्ख्या भांडुपमध्ये पांढरी टेप मीच वापरायचो, काळी मिळाली नाही म्हणून एक पेटी घेतली होती. वर्षभरापूर्वी तीच गाडी बॅटरीच्या कामाला आली होती तेव्हा सप्लाय बघायला मी तिथे शिवणकामाची सुई टोचली होती आणि वर टेपचा एक वेढा मारला होता. त्या भोकातून पावसाळाभर पाणी आत गेलं. गिऱ्हाइकाला सांगितलं, माझीच चूक, पैसे घेतले नाहीत. हिरवं झालेलं तांबं दोन्ही बाजूंनी कापत गेलो तर चार-चार इंच कापावं लागलं तेव्हा कुठे लाल चकचकीत तार दिसली, कारण ओल तारांमधून आत चढत जाते. तेवढाच नवा तुकडा, सोल्डर, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, आणि जॉइंट हलू नये म्हणून हार्नेसला बांधून टाकला. तुझ्या सीएनजीच्या जॉइंटलाही हेच कर, आठच्या आठ जॉइंट, फक्त तिसऱ्याचा नको, बाकीचे सात पुढच्या वर्षीसाठी रांगेत उभे आहेत.

प्लस ठीक निघाला तर दुसरी बाजू. इथे ५ वॉटचाही बल्ब नको आणि २१ वॉटचा तर अजिबात नको, तो पावणेदोन अँपिअर खेचतो, ईसीएमच्या ड्रायव्हरवर कशाला जोर टाकायचा. नॉइड लाईट (इंजेक्टरचा पल्स तपासायचा छोटा दिवा) मिळते, नाहीतर एलईडी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर, लॅमिंग्टन रोडला चहाच्या पैशात. ती कपलरच्या दोन पिनांमध्ये लावून सेल्फ मार, टिकटिक लुकलुकली पाहिजे. लुकलुकली आणि तरी कोड येतोय, तर कपलर, वायर, गॅस ईसीयूचं सॉकेट हाताने हलवत बस, कुठे हलवल्यावर थांबते ते बघ. अजिबात लुकलुकली नाही तर बॅटरीची मायनस काढ, ईसीएमचा कपलर काढ आणि त्या पिनपासून इंजेक्टरच्या कपलरपर्यंत कंटिन्युटी (वायर सलग आहे का) बघ, आणि तीच वायर बॉडीला लागलेली नाही ना तेही. उंदराने कुरतडलेली वायर बऱ्याचदा इथेच सापडते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गरम इंजिनवर रात्री येऊन बसतात.

कपलरच खराब निघाला तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारच्या हार्नेसमधून कापून मिळतो, पण सहा इंच वायरीसकट घे आणि पिना आतून हिरव्या नाहीत ना बघूनच पैसे दे.

हे सगळं स्वच्छ निघालं, वायर चांगली, सप्लाय लखलखीत, इंजेक्टर १३ ओहम, आणि तरीही ईसीएमकडून पल्स नाही, तेव्हाच ईसीएमचं नाव घ्यायचं. आणि तेव्हासुद्धा ड्रायव्हर का जळला ते आधी शोध, शॉर्ट वायर तशीच ठेवून नवा ईसीएम लावलास तर तोही जाईल. तुझा गॅरेजवाला वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण त्याने यातलं काय काय मोजलं ते विचार, आकडे सांगता आले नाहीत तर समज.

ज्यांच्या गाड्या डायरेक्ट इंजेक्शनच्या किंवा डिझेल कॉमन रेलच्या आहेत त्यांनी हे वाचून बल्ब घेऊन धावू नका. तिथे ६५ व्होल्ट आणि त्याहून वर जातं, ओहमही दोनच्या खाली असतो, पिएझो इंजेक्टरचा हिशोब आणखी वेगळा. चालू इंजिनवर त्या कपलरला हातही लावू नका.

तोपर्यंत चेक इंजिनची लाईट नुसती पेटलेली असेल तर जवळपास चालव, लुकलुकायला लागली तर बाजूला घे. तिसरा सिलेंडर पेट्रोलशिवाय नुसती हवा सोडतो, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीएम बाकीच्यांना जास्त पेट्रोल देतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) तापून जातो, तो ईसीएमपेक्षा स्वस्त नाही.

पेट्रोलवर आणि गॅसवर कोड कधी येतो ते आणि गॅस ईसीयूच्या जॉइंटचा टेप उघडलेला फोटो टाक, मग पुढचं बोलू. आणि बॅटरीची मायनस काढायच्या आधी म्युझिक सिस्टिमचा कोड कुठेतरी लिहून ठेव.