किल्ली, शिडी आणि वहिवाट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. जेरुसलेमला राहून यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही धर्मांचा जवळून अभ्यास करण्याची संधी तुला मिळते आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. एकाच अब्राहामाला मूळ पुरुष मानणारे हे तिघे एकमेकांशी इतके का भांडतात, असे तू विचारले आहेस. भाऊबंदकी काय असते हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही, तेव्हा भांडणाचे कारण तुला तिथे पहिल्या आठवड्यातच दिसेल. त्याहून अवघड गोष्ट ही आहे की एक चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या त्या जुन्या शहरात हे लोक शतकानुशतके रोज सकाळी आपापली दारे उघडत आले आहेत. ते कसे जमते, हे तू आधी शोधावेस असे मला वाटते.

सुरुवात पवित्र थडग्याच्या चर्चपासून कर. येशूला जिथे क्रुसावर चढवले आणि जिथे पुरले असे ख्रिस्ती परंपरा मानते, ती ही जागा. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन अशा सहा पंथांचे तिथे कमीअधिक हक्क आहेत. दाराची लोखंडी किल्ली मात्र जौदा नावाच्या मुसलमान घराण्याकडे असते आणि ते दार उघडण्याचा मान नुसैबा या दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे आहे. दाराला दोन कुलपे आहेत आणि वरच्या कुलपापर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून रात्री आत कोंडून घेतलेले ख्रिस्ती धर्मगुरू पहाटे दारातल्या लहानशा झरोक्यातून एक शिडी बाहेर सरकवतात, बाहेरचा मुसलमान माणूस तिच्यावर चढून कुलूप काढतो आणि मग दार उघडते. शिडी कोणत्या पंथाने द्यायची, याचीही पाळी ठरलेली आहे.

या साऱ्या व्यवस्थेला तिथे ‘स्टेटस को’ म्हणतात. मला विचारशील तर त्याला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे : वहिवाट. पालखीचा पहिला खांदा कोणाचा, नैवेद्य कोणाच्या घरचा, गुरवाची पाळी कधी बदलते, या प्रश्नांवर आपल्या गावांत जी जिद्द आणि जी शिस्त दिसते, तीच तिथे आहे. ऑटोमन सुलतान अब्दुलमजीद यांच्या १८५२ च्या फर्मानाने जे जसे चालू होते ते तसेच राहील असे ठरले, आणि पुढे १८७८ च्या बर्लिनच्या तहातही त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर तुर्कांचे राज्य गेले, ब्रिटिश आले आणि गेले, जॉर्डन आले, १९६७ पासून इस्राएल आहे. वहिवाट मात्र टिकली. चर्चच्या दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली दुसरीच एक लाकडी शिडी तू पाहशील. अठराव्या शतकातल्या एका चित्रातही ती दिसते. ती हलवण्याचा हक्क कोणाचा यावर एकमत नाही, म्हणून ती तिथेच आहे.

असे असले तरी भाबडेपणाने पाहू नकोस. २००२ च्या उन्हाळ्यात त्याच चर्चच्या छतावर एका कॉप्टिक भिक्षूने आपली खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली, इथिओपियन भिक्षूंना ते अतिक्रमण वाटले, आणि हाणामारीत अकरा जण रुग्णालयात गेले. उलट थडग्यावरची वास्तू खचू लागल्यावर ब्रिटिशांनी १९४७ मध्ये तिला लावलेला लोखंडी आधार सुमारे सत्तर वर्षे तसाच राहिला होता. शेवटी ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन एकत्र बसले, दुरुस्तीचे काम झाले आणि २०१७ मध्ये ती वास्तू पुन्हा खुली झाली. या दोन्ही घटना एकाच वहीत लिही.

कालगणनेकडे तू लक्ष दिलेस तर पुष्कळ गोष्टी उलगडतील. यहुदी पंचांगात आपल्यासारखाच अधिक महिना असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा, त्यामुळे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची आठवण करणारा त्यांचा वल्हांडण सण (पासओव्हर) वसंतातच येतो. इस्लामने अधिक महिना निषिद्ध मानला, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत साऱ्या ऋतूंतून फिरतो. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या ख्रिस्ती लोकांचा ईस्टरही बहुधा वेगवेगळ्या रविवारी असतो. २०२२ च्या १५ एप्रिलला रमजानचा शुक्रवार, गुड फ्रायडे आणि वल्हांडणाची पहिली रात्र एकाच दिवशी आली आणि त्या पहाटे अल-अक्सा मशिदीच्या आवारात पोलीस आणि पॅलेस्टिनी यांच्यात मोठा संघर्ष झाला. पंचांग समोर ठेवल्याशिवाय तिथली बातमी वाचू नकोस.

हेब्रॉनला जाता आले तर जरूर जा, पण मन घट्ट करून जा. अब्राहाम, म्हणजेच मुसलमानांचे हजरत इब्राहिम, यांचे दफनस्थान मानली जाणारी गुहा तिथे आहे. मध्ययुगापासून १९६७ पर्यंत यहुद्यांना बाहेरच्या सातव्या पायरीपुढे जाऊ देत नसत. त्या पायरीजवळ थोडा वेळ उभी राहा. १९२९ मध्ये त्या शहरात ६७ यहुदी मारले गेले आणि त्याच दिवशी कित्येकांना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी आपल्या घरात लपवून वाचवले. १९९४ च्या फेब्रुवारीत रमजानच्या पहाटेच्या नमाजात एका यहुदी वसाहतवाल्याने गोळ्या झाडून २९ मुसलमानांना मारले. आज ती वास्तू दोन भागांत वाटलेली आहे आणि वर्षातले ठराविक दहा-दहा दिवस ती पूर्णपणे एकेका धर्माच्या ताब्यात असते. इथली वाटणी जेरुसलेमच्या त्या दारासारखी नाही. ती रक्त सांडल्यावर बंदुकीच्या पहाऱ्यात झाली आहे. ‘सहजीवन’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरलास, तर तुझा प्रबंध चुकेल.

७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा इस्राएलवरचा हल्ला आणि त्यानंतरचे गाझातले युद्ध यांच्यानंतर तू तिथे जाते आहेस. ज्याच्याशी बोलशील त्याच्या घरातले कोणी ना कोणी गेलेले असू शकते. म्हणून आधी ऐकून घे, आणि पहिल्या भेटीत वही बाहेर काढू नकोस.

आणखी एक सांगतो. तीन धर्म म्हणजे तीन गठ्ठे, अशी मांडणी मनातून काढून टाक. अरबी बोलणारा ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत देवाला ‘अल्लाह’ म्हणतो. इराक आणि येमेनमधून आलेल्या यहुद्यांच्या आजी-आजोबांची घरची भाषा अरबी होती. आपल्या कोकणातून गेलेले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते इस्राएलला पोहोचल्यावर तिथल्या काही यहुदी धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांबद्दल शंका घेतली, आणि आंदोलन केल्यावर १९६४ मध्ये कुठे ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य झाले. दिमोना किंवा अश्दोद इथे त्यांच्या घरी जाण्याचा योग आला तर मराठीतच बोल; एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने होणाऱ्या मलिद्याला बोलावले तर नाही म्हणू नकोस.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एका पहाटे त्या चर्चच्या अंगणात जाऊन उभी राहा आणि त्या दिवशी शिडी कोणत्या पंथाने दिली ते मला लिहून कळव. पहाटे तिथे गारठा असतो. शाल बरोबर ने.

तुझा,
जुना शिक्षक