मॅडमसाठी एक, सरांसाठी दुसरी

प्रश्न : मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजमधली मशीन उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर नेण्यासाठी मी सहा पानांची मार्गदर्शिका लिहिली. ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या, काही कळलं नाही. लॅबचे सर म्हणाले, फार पाल्हाळ आहे. टेक्निकल रायटर, म्हणजे अशा मार्गदर्शिका लिहिणारी, व्हायचं तर नवख्यांसाठी लिहू की जाणकारांसाठी? घरचे म्हणतात, कोडिंग सोडून लिखाण कसलं?

उत्तर : तू पाठवलेली सहा पानं मी दोनदा वाचली. मॅडमचंही खरं आहे आणि सरांचंही. एकाच कागदावर दोघांना बसवायला गेलीस, म्हणून असं झालं.

चौथ्या पानावर तू लिहिलंयस, ‘कॉन्फिगरेशन फाइलबद्दल विचारल्यास योग्य पर्याय निवडा.’ मॅडम इथेच अडल्या असणार. काळ्या खिडकीत भराभर ओळी सरकत असतात, मध्येच सगळं थांबतं आणि इंग्रजीत प्रश्न येतो : ही सेटिंग्जची फाइल तुम्ही बदललेली दिसते, नवी घेऊ की जुनी ठेवू? यातलं ‘योग्य’ काय, ते त्यांना कोण सांगणार? त्यांच्यासाठी लिही : ‘इथे मशीन थांबेल, बिघडलेलं नाही. एन टाइप करून एंटर दाबा, तुमची जुनी फाइल तशीच राहील.’ सरांना मात्र फाइल कुठली आणि डी दाबून दोन्हींतला फरक पाहता येतो, एवढं पुरे.

‘बॅकअप घ्या’ हेही तसंच. त्याच डिस्कवर दुसरं फोल्डर करून ‘घेतला बॅकअप’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि त्यातली एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, असं लिही. त्याआधी हेही सांग की २२.०४ ला नेहमीचे अपडेट २०२७ पर्यंत मिळणार आहेत, तेव्हा ऐन परीक्षेत हे काढायची गरज नाही.

सरांसाठी अर्धं पान कर. वेबसाइटसाठीची भाषा पीएचपी ८.१ ची ८.३ होते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा ३.१० ची ३.१२ होते आणि त्यातून डिस्ट्युटिल्स, म्हणजे पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल, काढून टाकलंय, म्हणजे त्यावर चालणारे मुलांचे जुने प्रोजेक्ट अडतील. पोस्टग्रेस या डेटाबेसचं १४ चं १६ येतं, पण डेटा आपोआप हलत नाही, तो जुन्या क्लस्टरमध्येच, म्हणजे जुन्या आवृत्तीच्या साठ्यातच, राहतो आणि आपण न्यावा लागतो. बाहेरच्या रिपॉझिटरी, म्हणजे उबंटूखेरीज इतरांकडून सॉफ्टवेअर घ्यायचे साठे, अपग्रेडमध्ये बंद होतात. स्क्रीनशॉट एकही नको.

आता घरच्यांचं. पोस्टग्रेसची ती ओळ खात्रीने लिहायची तर व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालवलेल्या नकली कॉम्प्युटरवर, अपग्रेड करून, बिघडवून, पुन्हा उभं करावं लागतं. कोडिंग सुटत नाही, बाबांना हे शांतपणे समजावून सांग. फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आणि साध्या खुणांनी मजकूर मांडायची मार्कडाउन पद्धत शिकून घे. मुक्त सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमधल्या चुका दुरुस्त करून पाठव. मुलाखतीत दाखवायला तेच काम उपयोगी पडतं. माझ्या पाहण्यात नोकऱ्या जाणकारांसाठीच्या लिखाणात जास्त आहेत. तरी सुरुवात नवख्यांपासून कर, असं मी आग्रहाने सांगेन, कारण तो वाचक तुझ्या कॉलेजातच आहे.

नवा मसुदा घेऊन मॅडमच्या शेजारी बस. माऊसला हात लावू नकोस, काही सांगूही नकोस. त्या जिथे थांबतील तिथे पेन्सिलने खूण कर. खुणांसकट तो कागद आणि सरांचं अर्धं पान मला पाठव.