आयबी आणि रॉ: मुलीने कुठली वाट धरावी?

प्रश्न: मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला ‘रॉ’ या परदेशातली माहिती काढणाऱ्या गुप्तचर संस्थेतच जायचंय. एक क्लासवाले ‘रॉ प्रवेश परीक्षे’ची तयारी करून देतो म्हणतात. फी भरू का? आणि आयबी वेगळी कशी?

उत्तर: ताई, फी अजिबात भरू नका. पदवीधरांसाठी अशी खुली परीक्षाच नाही. रॉमध्ये बरेच अधिकारी आयपीएस आणि इतर केंद्रीय सेवांमधून येतात. म्हणजे वाट यूपीएससीतून जाते. रॉ ज्याच्याखाली येते ते कॅबिनेट सचिवालय काही तांत्रिक जागा ‘गेट’ या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर भरतं, मुलगी एमएस्सी करणार असेल तर त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

आता फरक. आयबी म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो, 1887 पासूनची, गृहमंत्रालयाखालची, देशाच्या आत काम करणारी. बाहेरची माहितीही पूर्वी तीच गोळा करायची. 1962 आणि 1965 च्या युद्धांत ती तोकडी पडली, म्हणून 1968 मध्ये रामनाथ काव यांच्या हाताखाली रॉ वेगळी निघाली. कारगिलच्या वेळी बीजिंगला गेलेले पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ आणि रावळपिंडीतले त्यांचे जनरल अझीझ यांचं फोनवरचं बोलणं टिपलं गेलं, ते रॉचं काम. पाकिस्तानी सैन्याचा हात त्यातून उघड झाला.

माझ्या मते खरा फरक कायद्याचा आहे. परदेशात हेरगिरी करणारा त्या देशाच्या कायद्याने गुन्हेगार ठरतो, पकडला गेला तर त्याचा देशही बहुधा हात वर करतो. आयबीचा माणूस मात्र आपल्याच नागरिकांमध्ये वावरतो, ज्यांना संविधानाने हक्क दिलेत. संशय आला तरी तो स्वतः कुणाला अटक करू शकत नाही. ते काम पोलिसांचं किंवा एनआयएचं, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेचं. तो खबर काढतो, पडताळतो, लिहून वर पाठवतो. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. मुलीशी बोलताना सिनेमातलं धाडस बाजूला ठेवून याबद्दल बोला.

पदवीनंतर थेट जायचं असेल तर आयबीची एसीआयओ, म्हणजे सहाय्यक केंद्रीय गुप्तचर अधिकारी पदाची परीक्षा आहे. वयोमर्यादा साधारण 18 ते 27. आधी वस्तुनिष्ठ पेपर, मग वर्णनात्मक लेखन, शेवटी मुलाखत. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. विज्ञानाची मुलं लेखनात मागे राहतात, तेव्हा रोज एखाद्या बातमीवर पानभर लिहायची सवय आतापासूनच लावा. जाहिरात गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर येते.