दुखत नाही, म्हणून गाठ साधी?

प्रश्न : माझं वय ४६. मांडीत खोलवर गाठ आहे. सहा महिन्यांपूर्वी लिंबाएवढी होती, आता मोठी लागते. दुखत अजिबात नाही. दंडावरही एक मऊ गाठ आहे, ती दहा वर्षं तशीच. दोन्ही चरबीच्याच असतील ना?

उत्तर : दंडावरच्या गाठीची मला फारशी काळजी वाटत नाही. मऊ, बोटाखाली सरकणारी, वर्षानुवर्षं तेवढीच राहिलेली गाठ बहुधा चरबीची असते.

मांडीची मात्र याच आठवड्यात दाखवा. ‘दुखत नाही’ म्हणून थांबलेले कितीतरी पेशंट मी पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगतो : सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कर्करोग, सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाहीच. वाढणारी, ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी, खोल रुतलेली किंवा काढूनही पुन्हा आलेली गाठ तपासायलाच हवी. सार्कोमा दुर्मीळ आहे, तुमची गाठ साधीही निघेल. पण नुसतं चाचपून ते ठरत नाही.

सोनोग्राफी, एमआरआय आणि मग जाड सुईने बायोप्सी, असा क्रम असतो. ‘भूल देऊन पटकन काढून टाकू’ असं कुणी म्हणालं, तर आधी या तपासण्यांचं विचारा. तपासणीविना काढलेली गाठ सार्कोमा निघाली, तर पेशी मागे राहिलेल्या असू शकतात आणि दुसरं ऑपरेशन बरंच मोठं करावं लागतं. सुई लावल्याने गाठ चवताळते, ही भीती मनातून काढा. पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्याने जागा ठरवून केलेली बायोप्सी सुरक्षित असते.