लूव्हनला येण्याआधी: दोन नावांचा गोंधळ, दोनदा जळलेलं ग्रंथालय आणि राहायची जागा

दादा म्हणून लिहिलंस, तर मीही तुला 'तू'च म्हणतो. नाशिकला आर्किटेक्चर करून तुला बेल्जियममधल्या लूव्हनला वारसा-वास्तूंच्या जतनाचं मास्टर्स करायचंय. तुझे तीन प्रश्न आहेत: विद्यापीठ कॅथोलिक आहे तर इतर धर्माच्यांना अडचण येते का, कॅम्पस कसा आहे, आणि राहायचं कुठे. मी इथे अकरा वर्षं आहे, त्यातली पहिली दोन विद्यापीठाच्याच चारशे वर्षं जुन्या घरात काढली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक गोष्ट तपासून घे. तुझ्या प्रवेशपत्रावर केयू लूव्हन आहे की यूसीलूव्हाँ? दोन्ही कॅथोलिक, दोन्ही १४२५ हेच स्थापनावर्ष सांगतात, पण गावं वेगळी आणि भाषाही वेगळ्या. माझ्या ओळखीतला एक मुलगा भलत्याच गावात खोली घेऊन बसला होता. मुळात हे एकच विद्यापीठ. गाव डच बोलणारं, विद्यापीठात फ्रेंचचाही वरचष्मा. हा वाद साठच्या दशकात रस्त्यावर आला, 'वालोन लोकांनो (म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्यांनो), बाहेर व्हा' अशा घोषणा झाल्या आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये बेल्जियमचं सरकार त्यापायी पडलं. मग विद्यापीठाची वाटणी झाली. फ्रेंच विभागाने शेतजमिनीवर लूव्हाँ-ला-नव हे अख्खं नवं गाव वसवलं. ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा वाटली गेली आणि त्यातल्या बऱ्याच पुस्तकांचा निवाडा क्रमांकावरून झाला: सम एकीकडे, विषम दुसरीकडे. भावाभावांत घरातली भांडी वाटली जावीत तसं. तुझा कोर्स केयू लूव्हनचा आहे, म्हणजे जुन्या गावातला.

आता धर्माचं. प्रवेशासाठी कुणी धर्म विचारत नाही, प्रार्थनेला बसवत नाही. माझ्या विभागात हिंदू, मुसलमान, कुठलाच धर्म न मानणारे, सगळे होते. मी स्वतः वसईचा कॅथोलिक, तरी मलाही कुणी चर्चला येतोस का विचारलं नाही. पण धर्म इथल्या इतिहासात मुरलेला आहे, तो समजून घेतलास तर गाव वाचता येईल. इथल्या ब्राबांट मुलखाच्या ड्यूकच्या विनंतीवरून पोप पाचव्या मार्टिनने ९ डिसेंबर १४२५ ला स्थापनेची सनद दिली. इथला एक प्राध्यापक पुढे पोप सहावा एड्रियन झाला. त्याने स्थापलेलं 'पोपचं कॉलेज' आजही उभं आहे. इरॅस्मस या विद्वानाच्या पुढाकाराने १५१७ मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकवणारं त्रिभाषी कॉलेज निघालं. नकाशांचा मर्केटर आणि शरीररचनेचा व्हेसालियस इथलेच विद्यार्थी. १७९७ मध्ये फ्रेंचांनी विद्यापीठ बंद पाडलं. आजचं कॅथोलिक विद्यापीठ बिशपांनी १८३४ मध्ये मेखेलनला सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी लूव्हनला आणलं. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र याच विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि ते धर्मगुरू होते. 'कॅथोलिक विद्यापीठात विज्ञान कसं?' असं नाशिकला कुणी विचारलं तर त्यांचं नाव सांग.

सप्टेंबरात वर्ष सुरू होतं तेव्हा झगे घातलेले प्राध्यापक मिरवणुकीने सेंट पीटर चर्चकडे जातात. रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणीही बघावं. तू नक्की बघ.

ग्रंथालयाबद्दल मात्र मी थोडं थांबून लिहितो. नामसेस्त्राट नावाच्या रस्त्यावर विद्यापीठाचं जुनं सभागृह आहे. मूळची ती कापडवाल्यांची बाजारपेठ, १३१७ ची. ग्रंथालय तिथेच होतं. २५ ऑगस्ट १९१४ च्या रात्री जर्मन सैन्याने गावाला आग लावली. २ लाखांहून जास्त पुस्तकं आणि शेकडो हस्तलिखितं गेली. गावातली २४८ माणसं मारली गेली, ते मी आधी सांगायला हवं होतं. युद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहात खास कलम घातलं गेलं की जर्मनीने या ग्रंथालयाला पुस्तकं भरून द्यावीत. नवी इमारत अमेरिकेतल्या वर्गणीतून उभी राहिली. आर्किटेक्ट व्हिटनी वॉरन, उद्घाटन ४ जुलै १९२८. आणि मे १९४० मध्ये ती पुन्हा जळली. या वेळी सुमारे ९ लाख पुस्तकं. युद्धानंतर लोकांनी ती त्याच आराखड्यावर परत बांधली.

ही इमारत लाडोझप्लेन चौकात आहे. तिथे गेलीस की भिंतीच्या अगदी जवळ जा. दगडांवर अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांची नावं कोरलेली आहेत, वर्गणी देणाऱ्यांची. काही अक्षरांच्या कडा आता बोथट झाल्यात, बोट फिरवलं की लागतं. मी पहिल्या हिवाळ्यात हातमोजा काढून ती नावं वाचत उभा होतो. माझं लहानपण वसईच्या किल्ल्यातल्या छप्पर नसलेल्या चर्चांमध्ये खेळण्यात गेलं, पडलेलं पडलेलंच राहतं अशी माझी समजूत होती. त्या भिंतीपाशी ती मोडली. वरच्या मनोऱ्यात ६३ घंटांचं वाद्य आहे. ते माणूस वाजवतो. संध्याकाळी कधी सूर ऐकू आले तर सायकल थांबव.

कॅम्पसला फाटक नाही, कुंपण नाही. गावातच विद्यापीठ आहे. जुनी कॉलेजं रस्त्यांवर पसरलेली, मध्येच बेकरी, मध्येच न्हाव्याचं दुकान. तुझे वर्ग मात्र बहुतेक हेव्हर्लेच्या आरेनबर्ग किल्ल्यात असतील. लाल विटांचा जुना वाडा, बाजूने डायले नदी. गावातून सायकलने फार लांब नाही. तुझ्या विभागाला रेमंड लमेरचं नाव आहे. (वरचे जॉर्ज लमेत्र वेगळे, घोटाळा करू नकोस.) रेमंड लमेर इथले प्राध्यापक. वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणारी १९६४ ची व्हेनिस सनद, जी तू कॉलेजात पाठ केली असशील, ती लिहिणाऱ्यांत ते होते.

त्यांचं काम बघायचं तर मोठ्या बेगिनहोफमध्ये जा. बेगिन म्हणजे लग्न न करता, पण ननसारखी आयुष्यभराची शपथही न घेता एकत्र राहून काम आणि प्रार्थना करणाऱ्या बायका. त्यांची ही वस्ती तेराव्या शतकापासूनची, आजची बहुतेक घरं सतराव्या शतकातली. विसाव्या शतकात ती पार मोडकळीला आली होती. १९६२ मध्ये विद्यापीठाने सगळी वस्ती विकत घेतली, लमेरांनी दुरुस्त केली आणि आत विद्यार्थी व पाहुणे संशोधक राहायला घातले. १९९८ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे. म्हणजे जागतिक वारसा असलेल्या घरात रात्री भात शिजतो, दोरीवर मोजे वाळतात. मला लमेरांचं हेच सगळ्यात मोठं काम वाटतं. वास्तू वापरात राहिली म्हणून टिकली. तुला पुढे नाशिकच्या वाड्यांवर काम करायचंय ना, मग इथलं एक एक घर वहीत काढून ने.

तिथली माझी खोली माळ्याखाली होती. तुळई इतकी खाली की पहिल्या आठवड्यात कपाळाला दोनदा टेंगूळ आलं. जिना अरुंद, मोठी बॅग वर जाईना. गल्लीतल्या गोट्यांच्या फरसबंदीवर बॅगेचं चाक तुटलं ते वेगळंच. पण सकाळी खिडकी उघडली की खाली नदीचा आवाज. तिथे जागा मिळाली तर सोडू नकोस.

नाही मिळाली तर 'कॉट' शोध, विद्यार्थ्याच्या खोलीला इथे तोच शब्द आहे. करार लेखीच घे आणि किल्ली घेताना भिंती, गादी, नळ यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठव. माझ्या दुसऱ्या घराच्या मालकाने आधीचाच ओलीचा डाग दाखवून अर्धी अनामत कापली होती, आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. लाखभर वस्तीच्या गावात हजारो विद्यार्थी शिकतात, तेव्हा सप्टेंबरात येऊन खोली शोधीन असं अजिबात करू नकोस. विद्यापीठाच्या गृहनिवास कार्यालयात प्रवेशपत्र हाती पडताच अर्ज कर, आणि त्यात बेगिनहोफ पहिल्या पसंतीला लिही.